गावची पोरं, शहरची पोरं, गोष्टी आणि चित्रं : गोव्यात काही जमवता येईल का?

म्हादईकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं इथे टाकतो. गोव्यातली गावची आणि शहरची सतरा ते पंचवीस वयाची पोरं गोष्ट आणि कलेच्या निमित्ताने एकत्र काम करतील असं काही उभं करता येईल का? मुद्दाम 'काम करतील' म्हणतोय. भेटायला ती रोजच भेटतात.

आपला गोवा तो केवढा? ३,७०२ चौरस किलोमीटर. वाळपईची मुलगी सकाळच्या कदंबाच्या बसने पणजीला कॉलेजात येते आणि दिवेलागणीला घरी पोचते. सांग्याचा मुलगा मडगावात कपड्यांच्या दुकानात घड्या घालतो. पेडण्याची पोरं मोपाला विमानतळावर लागली आहेत. तेव्हा अंतराचं रडगाणं आपल्याला गाता येत नाही. पण ही सगळी भेट काउंटरच्या अल्याड-पल्याडची. उलट दिशेने बघाल तर शहरातली मुलं सत्तरी तालुक्यात येतात ती पावसात धबधबे बघायला. गाडी लावतात, भिजतात, फोटो काढतात आणि जातात. धबधब्याच्या वाटेवर ज्या घरासमोर गाडी लावली त्या घरातल्या पोराचं नाव कुणी विचारत नाही.

चवथीचंच घ्या. म्हापसा, फोंडा, पणजीच्या बाजारात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचं) सामान येतं. केशरी कवंडळं, कांगलांचे पिवळे झुबके, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घड. विकणाऱ्या बायकांतल्या कितीतरी जणी रानात फिरून ते जमवून आणतात. सोबत बहुतेकदा कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा असतोच, पिशव्या भरायला. समोर त्याच्याच वयाचा शहरातला मुलगा बापाबरोबर भाव करत उभा. कवंडळ वेलावर लागतं की झाडावर, ते काढायला किती आत जावं लागतं, रानातली कुठली जागा यंदा कुंपणात गेली, हे सगळं त्या पिशव्या भरणाऱ्याला माहीत असतं. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत.

माझी कल्पना साधी आहे. जोड्या लावायच्या, एक गावचा आणि एक शहरचा. दोघांनी आपापल्या घरातल्या, वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाकडून एकेक गोष्ट घ्यायची आणि मग अदलाबदल करायची. तिची गोष्ट त्याने मांडायची, त्याची तिने. चित्र काढा, नाटुकलं करा, भिंत रंगवा, घुमटावर (ते मातीचं तालवाद्य) म्हणा, काहीही करा. जे तयार होईल ते आधी जिथून गोष्ट आली तिथेच दाखवायचं, मग दुसरीकडे.

कुणी असं काही केलंय का? काय चुकतं, काय टिकतं? मोकळेपणाने लिहा.

शंकासुर

विषय चांगला, पण पायाच कच्चा. गोव्यात खेडं उरलंय कुठे? २०११च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी आहे. त्यात ७० शहरं मोजली होती, पैकी पालिका असलेली फक्त १४. उरलेली ५६ कागदावर शहरं, पण कारभार पंचायतीचा. तिथला मुलगा तुमच्या जोडीत कुठल्या बाजूला बसवणार? ताळगावचा मुलगा गावचा की शहरचा? शेत आहे त्याच्या घरी, आणि खिडकीतून समोर टॉवरही दिसतो.

दुसरं, इन्स्टावर सगळे एकाच गावचे आहेत.

म्हादईकाठी

शंकासुरबाब, आकडे मान्य. म्हणूनच मी तालुक्यांची यादी केली नाही. माझ्या हिशेबाने शेवटची बस चुकली की ज्याला घरी जाता येत नाही तो गावचा. ही व्याख्या जनगणनेत नसेल, पण त्या पोरांना बरोबर कळते.

फोंडेकर_नाना

धागा वाचून बरं वाटलं. पण तुम्ही तरुण मंडळी हे नवं म्हणून मांडताय याची गंमत वाटते. आमच्या वेळी हेच होत होतं, फक्त त्याला कुणी प्रकल्प म्हणत नव्हतं.

देवळाच्या उत्सवात, काल्याला, जत्रेला गावचं नाटक. नोकरीनिमित्त पणजीला, मुंबईला, बेळगावला गेलेले गावचे पोरगे रजा टाकून यायचे. तालीम मात्र त्याआधी महिनाभर सुरू. जे गावात असायचे ते नकला लिहून काढायचे, बाहेर असलेल्याची नक्कल पोस्टाने जायची. (नव्या पिढीसाठी : नक्कल म्हणजे आपापल्या संवादांची हाताने उतरवलेली वही.) पडदा गावचाच पेंटर रंगवायचा. राजवाडा, अरण्य आणि रस्ता एवढे तीन असले की कुठलंही नाटक उभं राहायचं. मुंबईहून आलेला क्लार्क आणि गावचा पाडेली एकाच खोलीत तोंडाला रंग लावून बसायचे. पाडेली राजा, क्लार्क द्वारपाल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाडेली नारळ काढायला जायचा, तेव्हा क्लार्क त्याला 'महाराज' म्हणून हाक मारायचा, थट्टेने का होईना.

आता बहुतेक ठिकाणी बाहेरचा ग्रूप बोलावतात. सुपारी दिली, नाटक झालं, विषय संपला. कलाकार चांगले असतात, प्रयोग आमच्यापेक्षा कितीतरी नेटका होतो, पण तालमीची खोली गेली.

सांगायचा मुद्दा, दोन दिवसांची कार्यशाळा ठेवू नका. कार्यशाळेत पोरं प्रमाणपत्राची वाट बघतात. तालीम ठेवा. तालमीला रोज यावं लागतं, उशिरा आल्यास बोलणी बसतात, कुणाचं तरी भांडण होतं, मग चहा होतो. ओळख त्यात होते.

मुंबैकर_मूळ_पेडणे

नानांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे दशावतारात अजून तालीम नसतेच म्हणा, कथा ठरली की संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. पण रंग लावतानाच्या गप्पा मात्र तशाच. वाचतोय.

सत्तरीची_सून

मी एक काटेरी गोष्ट सांगते, राग मानू नका.

लग्न होऊन सत्तरीत आले तेव्हा पौषात धालो (बायकांची फेराची गाणी) खेळायला मला सासूबाईंनी हाताला धरून मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात नेलं. समोरासमोर दोन रांगा, कमरेला विळखा, पुढे वाकायचं आणि मागे जायचं. पहिल्या रात्री मला एकही ओळ येत नव्हती. शेजारची आजी माझ्या कानात ओळ आधी सांगायची, मग मी सगळ्यांबरोबर म्हणायची. गाणं असं शिकतात. मांड हा आमच्यासाठी देव आहे. चपला घालून त्यावर कुणी जात नाही, आणि धालो चालू असताना पुरुषांनी तिथे घोटाळायचं नसतं.

काही वर्षांपूर्वी शहरातून काही मुलंमुली 'डॉक्युमेंट' करायला आली. वागायला गोड होती, खोटं कशाला बोलू. आजीने विश्वासाने गाणी म्हणून दाखवली. पुढे त्यातलं एक गाणं कुठल्याशा जोरकस बीटवर चढवून रील झालं. आजीचा आवाज, खाली तिचं नाव नाही. तिच्या नातवानेच ते मोबाईलवर तिला दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "हांगा म्हजो आवाज कित्याक धांवता?" (इथे माझा आवाज का पळतोय?) त्यानंतर वाड्यावरच्या बायका बाहेरच्यासमोर तोंड उघडत नाहीत.

म्हणून पहिली अट मी घालते. काय सांगायचं, काय नाही, हे गाव ठरवणार. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही. सांगणाऱ्या म्हातारीचं नाव चित्र काढणाऱ्याच्या नावाआधी. आणि शाल-नारळ पुरे झाले, मानधन द्या. रानातून कवंडळं आणलेल्या बाईला पैसे देता ना, मग पन्नास वर्षं गाणं सांभाळलेल्या बाईला का नाही?

शंकासुर

ताई, शेवटच्या वाक्याला माझी टोपी काढली. पण मग सगळंच पवित्र ठरलं तर पोरांनी मांडायचं काय? जागर, रणमालें ही लोकनाट्यं, धालो, प्रत्येकाला मांड आहे, प्रत्येकाला मान आहे, गांवकार (गावचे मानकरी) आहेत. पणजीच्या पोराला आत यायचीच सोय नाही.

सत्तरीची_सून

मांडाबाहेर काही कमी आहे का? न्हाणीत पाणी तापवताना सांगितलेल्या गोष्टी आहेत. खाण चालू असताना लाल झालेली विहीर आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर ट्रक विकलेले, न विकता परसात गंजवलेले लोक आहेत. त्या गंजलेल्या ट्रकात खेळून मोठी झालेली मुलं आता कॉलेजात आहेत. त्यांना विचारा. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. शहरातून येणारे मात्र फक्त फेटा आणि घुमट शोधतात.

म्हादईकाठी

ताई, अटी सगळ्या मान्य, वर मूळ लेखात जोडतो. ट्रकाचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पणजीची_पोर

मी पणजीत वाढले, सध्या ग्राफिक डिझाइन करते. या धाग्यावर शहरातलं कुणी बोलतच नाही म्हणून लिहिते.

मूळ लेखात 'दोघांनी एकेक गोष्ट आणायची' असं आहे. प्रत्यक्षात काय होतं सांगू? एका मोठ्या कलामहोत्सवात मी स्वयंसेवक होते. गावातून कलाकार आले होते. आमचं काम त्यांना पाणी देणं, बसमधून उतरवणं, वेळ झाली की स्टेजमागे नेणं. दहा मिनिटं मिळाली त्यांना. मग जेवण, मग बस. आम्हाला कुणी सांगितलंच नाही की तुम्हीही काही सांगायचंय. गावाकडे संस्कृती आहे आणि आपल्याकडे वायफाय, असं आमच्या मनात पक्कं बसलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी लाजही असते. समोरचा मुलगा घुमटावर अख्खी आरती वाजवतो, मला काय येतं? फोटोशॉप.

म्हणून मीच प्रश्न विचारते, पणजीच्या पोरांनी कुठली गोष्ट आणायची? फोन्तेन्यास या जुन्या वस्तीच्या रंगीत भिंती नकोत, त्यांचे फोटो अख्ख्या देशाने काढून झाले.

फोंडेकर_नाना

बाय, तुमच्या घरात पन्नाशी-साठीच्या पुढचं कुणी असेल तर विचारा, ५ जुलै १९८६ला तुम्ही कुठे होतात.

पणजीची_पोर

नाना!! विचारलं. दोन तास गेले माझे.

त्या दिवशी मांडवीचा पूल कोसळला, एवढं मला माहीत होतं. पण आजोबा पर्वरीहून पणजीला रोज नोकरीला येत होते, हे नव्हतं माहीत. पुढे १९९२ साली नवा पूल होईपर्यंत बेती-पणजी फेरीबोट. पावसात छत्री उघडायला जागा नाही इतकी दाटी. आजोबा म्हणाले, "त्या वर्षांत मी जेवढी माणसं ओळखायला लागलो तेवढी पुलावरून कधी ओळखली नव्हती." एक म्हापशाचा मासे विकणारा, एक शाळामास्तर आणि आजोबा, तिघं रोज एकाच कठड्याला टेकून. मास्तरांची मुलगी पुढे आमच्या नात्यात आली! घरात हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

माझ्याकडे गोष्ट आहे म्हणायची.

वाडेंकार

गेले दोन दिवस फक्त वाचत होतो. ८६चा उल्लेख आला म्हणून लिहितो.

त्याच वर्षी आमचं कुर्डी पाण्याखाली गेलं. साळावलीचं धरण. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. माझा जन्म वाडेंचा, म्हणजे सरकारने जिथे नेऊन वसवलं तिथला. काही घरं वालकिणीला गेली. घरात वडील अजून 'आमच्या गांवांत' म्हणतात तेव्हा ते वाडेंबद्दल बोलत नसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गायिका मोगूबाई कुर्डीकर इथल्या. जन्म १९०४. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळे होते गावात. सोमेश्वराचं देऊळ, चॅपल, माड, काजू, आंबे, फणस. धरण होणार म्हटल्यावर गावाला समजवायला खुद्द मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आले होते, असं वडीलधारे सांगतात. जुनं महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारलं. जांभ्या दगडातली मोठी मातृदेवी वेर्ण्याला नेली. देव हलवता आले. शेतं कशी हलवणार?

दर उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि मे महिन्यात गाव वर येतं. जोती, पायऱ्या, वाळलेल्या झाडांचे बुंधे, भेगाळलेला चिखल. त्या दिवसांत आम्ही सगळे जातो. सोमेश्वराला उत्सव होतो, ख्रिस्ती लोक चॅपलपाशी जमतात. वडील जोत्यावर उभे राहून हाताने दाखवतात, "हांगा रांदची कूड, थंय गोठो." (इथे स्वयंपाकाची खोली, तिथे गोठा.) त्यांना दिसतं. मला दिसत नाही. मला फक्त दगड दिसतात. हे मी त्यांना कधी बोललो नाही.

आता या काळात तिथे गर्दीही होते. ड्रोन येतात. 'पाण्यातून वर येणारं गाव' म्हणून व्हिडिओ. मडगावहून, वास्कोहून, सगळीकडून. माझा त्या मुलांवर राग नाही. पण मडगावच्या, वास्कोच्या नळाला जे पाणी येतं ते या धरणाचं, हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक असतं? ते माझ्या वडिलांच्या रांधपाच्या खोलीवरून येतं हो. आणि गाव ज्यांनी दिलं त्यांच्याच वस्तीत उन्हाळ्यात पाण्याची ओरड, हेही वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

जोडी लावणार असाल तर मला मडगावचं कुणी द्या. ज्याच्या घरी नळ उघडल्यावर साळावलीचं पाणी येतं असं कुणीतरी. गोष्ट मी देतो. त्याने मला ते घर काढून दाखवावं. वडील सांगतील तसं. मला ते बघायचंय.

सत्तरीची_सून

वाडेंकारबाब, हे वाचल्यावर काही लिहायला सुचत नाही.

शंकासुर

माझी शंका या एका प्रतिसादापुरती मागे. राहतो मडगावात, पण वय पंचवीसच्या दुप्पट आहे. भाचीला पाठवतो. आर्किटेक्चर शिकते. घराचा नकाशा काढणं हे तिचं कामच. तोंडी वर्णनावरून पूर्ण घर उभं करायचं, मापं पावलांत मोजलेली, 'दाराकडून विहीर दोन हाका' असली. कॉलेजात असं कोण शिकवणार तिला?

काव_आणि_चुना

तांत्रिक बाजूचं बोलतो, कारण इथे सगळे गोष्टीकडेच वळलेत आणि कलेचं 'काहीही करा' म्हणून सोडून दिलंय. 'काहीही' म्हटलं की पोरं पोस्टर करतात. हाताला अडचण होईल असं माध्यम द्या.

मी कावीचं काम करतो. जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्यावर तांबडी चित्रं बघितली असतील, मोरजीच्या मोरजाईकडे आहेत. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ कालवून पंधरा-एक दिवस आंबत ठेवायचं, मग कुटून कुटून लोण्यासारखं करायचं. त्याचा गिलावा. त्यावर चुन्यात मिसळलेल्या तांबड्या कावेचा पातळ थर, घोटून गुळगुळीत. आणि तो ओला आहे तोवरच लोखंडी टोच्याने कोरायचं. जिथे तांबडं खरवडलं तिथे खालचं पांढरं दिसतं. रंग भरायचा नसतो, काढायचा असतो. खोडरबर नाही, कॉम्प्युटरवरचं 'अनडू' नाही. वाळलं की संपलं.

एक पाटी दोघांत दिली की काय होतं ते बघण्यासारखं असतं. एकजण गोष्ट सांगतो, दुसरा कोरतो, आणि थर वाळत असतो. सांगणाऱ्याला फापटपसारा लावता येत नाही, "अरे लवकर बोल, तो हत्ती होता की गवा?" कोरणाऱ्याला विचारत बसता येत नाही. शहरातल्या आर्ट कॉलेजच्या मुलांचं ड्रॉइंग पक्कं असतं, पण गिलाव्याला हात लावताना ती बिचकतात. गावच्या मुलाने घराच्या भिंतीला चुना मारलेला असतो, थापी धरायची कशी हे त्याच्या मनगटात असतं. अर्ध्या तासात कोण कुणाला शिकवतंय ते सांगता येत नाही.

मोठी भिंत लगेच मागू नका. दीड फुटाच्या सिमेंट शीटच्या पाट्यांवर सुरुवात करा. आणि आंबवलेल्या चुन्याला वास येतो हे आधीच सांगून ठेवा. एसी हॉल देणारे दुसऱ्यांदा देत नाहीत.

पणजीची_पोर

'अनडू' नाही!! माझ्यासारख्यांसाठी शिक्षाच ही. नाव लिहा माझं.

काणकोणचो_मास्तर

कॉलेजात शिकवतो, म्हणून चार रुक्ष गोष्टी. एक, मुलींचे आईबाप. संध्याकाळी सातनंतरची तालीम म्हटली की काणकोण, सांगे, सत्तरीतल्या मुली गळतात. तुम्ही बसची व्यवस्था केल्याशिवाय 'सगळ्यांना खुलं' म्हणू नका, ते फक्त स्कूटरवाल्यांना खुलं असतं. तालीम शहरात एकदा तर गावात दोनदा, असं करा म्हणजे शहरवाल्यांनाही शेवटच्या बसची चव कळेल.

जागेचं म्हणाल तर मडगाव, कुडचडे, साखळी इथे रवींद्र भवनं आहेत, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे. पण मी शाळेचा वर्ग किंवा देवळाचा सभामंडप मागेन. रंगमंच दिसला की पोरं गोष्ट सोडून माइक शोधतात.

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. त्यात हे बसवता येईल, हजेरीचा प्रश्न सुटतो. मात्र शिबिर म्हणजे देवळाचं आवार झाडणे, पथनाट्य करणे आणि सरपंचांच्या हस्ते समारोप, या चाकोरीतून आधी त्याला बाहेर काढावं लागेल. गावाला व्यसनमुक्तीवर पथनाट्य दाखवून परत येणारी आमची मुलं मी बघितली आहेत. गावाने हसत हसत टाळ्या वाजवल्या. दारू कुठून येते हे गावाला मुलांपेक्षा जास्त माहीत होतं.

घुमट शिकवणार असाल तर एक सूचना. २०१९ साली ते राज्याचं वारसा-वाद्य जाहीर झालं, पण घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आहे. बकऱ्याचं कातडं वापरा. आवाजावरून म्हातारे कुरकुरतील. त्यांना कुरकुरू द्या, त्यावरूनच अर्ध्या गोष्टी निघतील.

मुंबैकर_मूळ_पेडणे

भाषेचं काय? म्हातारे कोकणीत सांगणार, पोस्टर मराठीत, शहरातली अर्धी मुलं रोमीत (रोमन लिपीतल्या कोकणीत) किंवा इंग्रजीत लिहिणार. आणि उद्या कुणी विचारलं की हे कार्य मराठीचं की...

संपादक

हा धागा भाषावादाकडे वळवू नये. त्यासाठी आधीचे धागे आहेत, आणि ते कुलूपबंद का आहेत हेही सर्वांना माहीत आहे.

फोंडेकर_नाना

संपादकांना नमस्कार. एकच वाक्य लिहितो आणि थांबतो. आमच्या घरात रागावणं कोकणीत, पूजा मराठीत आणि बँक इंग्रजीत चालते, कुणाला ताप आला नाही. गोष्ट सांगणारा ज्या भाषेत सांगेल ती ठेवा, ऐकणाऱ्याने आपल्या भाषेत मांडावं.

शंकासुर

नाना, वाक्यं दोन झाली.

म्हादईकाठी

मंडळी, चर्चेतून मला जे दिसलं ते लिहितो, दुरुस्ती सुचवा.

सुरुवात मोठी करायची नाही. महोत्सव नाही, नाव नाही, लोगो नाही. (लोगो करायला तिघांनी खाजगी निरोप केलेत, धन्यवाद, पण नको.) पहिली जोडी वाडेंकार आणि शंकासुरांची भाची. काम एकच : कुर्डीचं ते घर. एप्रिलमध्ये वडिलांकडून तोंडी ऐकून कच्चा आराखडा, आणि मे महिन्यात गाव वर आल्यावर तोच कागद घेऊन जोत्यावर उभं राहायचं. चुकलेली भिंत तिथेच दुरुस्त होईल.

उलट बाजूची गोष्ट पणजीच्या पोरीच्या आजोबांची, फेरीबोटीची. ती वाडेंकारांनी मांडायची. कशात ते त्यांनी ठरवावं. काव_आणि_चुना यांनी पाट्या द्यायचं कबूल केलंय म्हणून मला कावी सुचते, कारण पाणी, बोट आणि माणसांची दाटी पांढऱ्या-तांबड्यात छान उतरेल. पण जबरदस्ती नाही.

दाखवायचं आधी वाडेंत, मग पणजीत. सांगणाऱ्या दोघांना मानधन. ते कुठून येणार हे अजून ठरायचंय, पण त्याशिवाय सुरू करणार नाही.

वाडेंकार

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, चित्र काढणाऱ्या मुलीला सांग, आधी विहीर काढ, मग घर. घर विहिरीच्या हिशेबाने बांधलेलं होतं. आणि ड्रोन आणू नकोस म्हणाले.

मला कावी येत नाही. शिकवाल तर करतो. फेरीबोटीत मी बसलोय, दिवाडीला जाताना. पण सहा वर्षं रोज म्हणजे काय होत असेल, ते त्या आजोबांना विचारायला मी पणजीला येईन. रविवारी चालेल का त्यांना?

पणजीची_पोर

चालेल काय, ते आजपासूनच इस्त्री करून बसलेत. दुपारी जेवायलाच या. एक अडचण आहे, त्यांना सांगायला लागले की मध्ये थांबवता येत नाही आणि मास्तरांच्या मुलीच्या लग्नापर्यंत गेल्याशिवाय ते सोडत नाहीत. परतीची बस कितीची आहे?

वाडेंकार

पणजीहून मडगाव कधीही मिळते. मडगावहून सांग्याला, आणि तिथून पुढची तेवढी बघावी लागेल. साडेचारला निघालो तर पोचतो.

शंकासुर

साडेचारला निघायचं तर आजोबांना सकाळी दहालाच सुरू करा. भाची त्याच गाडीतून मडगावपर्यंत येईल, तिलाही विहिरीबद्दल विचारायचंय. आणि काव_आणि_चुना, तुम्ही चुना आजच आंबत घाला. पंधरा दिवस म्हणालात ना?

काव_आणि_चुना

घातला. बायको विचारतेय हा वास कधीपर्यंत.